दिव्यांची चाचणी, फाल्गुन शुद्ध नवमी

१९८८, फाल्गुन शुद्ध नवमी. संध्याकाळ. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी असलेलं आमच्या कोळीवाड्याचं मैदान.

हजर: मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव पाटील म्हणतं. मंडळाची कार्यवाह, म्हणजे मी. मंडळाचा वायरमन. नाच बसवणारी माझी भावजय आणि तिच्या नाचातल्या बायका. घाटकोपरचा दिवेवाला, त्याच्या दिव्यासह. मुलुंडचा दिवेवाला, त्याच्या दिव्यासह. शिवाय कोणी बोलावलेलं नसताना आलेलं निम्मं गाव.

गैरहजर: माझा धाकटा भाऊ. तो बोट घेऊन समुद्रात होता आणि त्याच संध्याकाळच्या भरतीला आत यायचा होता.

हजेरी मांडून घ्यायची सवय मला मालाडच्या बाजारातून लागली. तिथे मी पहाटे म्हावरं उतरवून घ्यायचे. कोणाची टोपली कुठे गेली हे तिथल्या तिथे लिहिलं नाही, तर दुपारपर्यंत चार भांडणं ठरलेली. मंडळाने मला कार्यवाह केलं ते याच सवयीमुळे. गोड बोलण्यासाठी त्यांच्याकडे पाटील होते.

त्या दिवशी माझं अर्धं लक्ष पाण्याकडे होतं. होळीला जेमतेम आठवडा उरला होता आणि होळीसाठी सगळ्या बोटी घरी येतात, सजतात, ही आमची रीत. बाकीच्या बोटी उजेड असतानाच आत येऊन लागल्या होत्या, त्यांच्यावरची माणसं दमून घरी आडवी झाली होती. आमच्याच बोटीचा पत्ता नव्हता. तिचं इंजिन महिनाभर खोकत होतं. त्यात नवमीचं पाणी म्हणजे भांगाचं पाणी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकावरून बोट सहज निघून जाते. भांगाच्या दिवसांत भरती चढते तीच कमी, खडक पाण्याखाली दिसत नाही आणि बोटीच्या तळाला मात्र लागतो. भरती संपून ओहोटी लागली की वाट आणखी अरुंद होते. एवढं मलाही माहीत होतं. बोट आत कशी आणतात ते मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पाणी पुरुषांचं आणि म्हावरं बायकांचं. ते बंदरात येईपर्यंत आम्ही विचारत नाही आणि टोपली भरल्यावर ते विचारत नाहीत.

दिव्यांचं कारण खारदांडा, आमच्यासारखाच दुसरा कोळीवाडा. आदल्या वर्षी तिथल्या होळीच्या कार्यक्रमात एक नवा दिवा आला होता. पाइपाला उलटा टांगलेला, स्वतःची मान डावीउजवीकडे, वरखाली फिरवणारा आणि नाचणाऱ्यांच्या अंगावरून झोत खेळवणारा. लोक नाच सोडून दिवाच बघत बसले. तिथे आमचे बरेच सोयरे. वर्षभर लग्नात, बारशात, बाजारात एकच टोमणा ऐकायचा, "तुमच्याकडे अजून ट्यूबलाइटीच का गो?" सगळ्यात जास्त माझ्या भावजयीला लागायचा, कारण नाच तिचा. ती माहेरची खारदांड्याचीच. टोमणे मारणाऱ्या तिच्या सख्ख्या बहिणी होत्या.

"वन्सं," ती मला म्हणाली होती, "या वर्षी मुंडीवाला दिवा नाय आला, तर मी स्टेजवर पाय ठेवनार नाय."

गावात त्या दिव्याला हेच नाव पडलं होतं. मुंडीवाला.

मी चौकशी केली. भाड्याने देणारे दोघे सापडले, एक घाटकोपरचा, एक मुलुंडचा. दोघांनाही एकाच दिवशी बोलावलं, म्हणजे तुलना समोरासमोर होईल. विचारायचे प्रश्न आधी काढून ठेवले. वजन किती, कारण आमचं स्टेज बांबूचं आणि वर लोखंडी पाइप एकच. वीज किती ओढतो, कारण मैदानाला मीटर एकच. तापतो किती, कारण कार्यक्रमाला वर ताडपत्री असणार. बिघडला तर कोण येणार. आणि आपल्या गावातल्या माणसाला तो चालवता येईल का.

घाटकोपरवाल्याचा दिवा बाहेरून आणलेला होता, काळा, गुळगुळीत. थर्माकोलमधून काढताना त्याने तो बाळासारखा धरला. गळ्यात सोन्याची चेन, पायात पांढरे बूट. त्या बुटांनी तो आमच्या वाळूत उतरला तेव्हाच बायका हसायला लागल्या होत्या.

"बेन, याला चालवायला माणूसच नको," तो म्हणाला. "याला कान आहेत. इथे बघा, ही जाळी. ढोल वाजला की हा ऐकतो आणि आपोआप नाचतो."

"जेवतो काय?" पाटलांनी विचारलं.

"करंट जेवतो, पाटील. भरपूर जेवतो."

मुलुंडवाला कोकणातला. गिरणी बंद पडल्यावर त्याने घराच्या ओटीवर हे काम सुरू केलेलं. त्याच्या दिव्याचं डोकं तेलाच्या डब्याचं होतं. जुन्या मोटारींच्या काचा पुसणाऱ्या दांड्यांच्या दोन मोटरी त्याने बसवल्या होत्या, एक मान डावीउजवीकडे करायला, एक वरखाली. मधे सायकलची चेन. लांब वायरीच्या टोकाला एक लाकडी पेटी आणि तिच्यात दोन दांडे. दांडा ढकलला की मान फिरायची, सोडला की होती तिथे थांबायची. हे सांगताना त्याचा आवाज जरा पडला.

"आपसूक नाय फिरत अजून," तो म्हणाला. "पण होळीपर्यंत करून देतंय बाई. माझ्यासारखो दिवो अख्ख्या मुंबईत कोण करूचो नाय."

"आणि हा आवाज कसला?" भावजयीने विचारलं. दिवा फिरताना चेन करकरत होती.

"ढोल वाजाक लागले की ऐकू येनार नाय तो."

"माझ्या गान्यात पहिलं कडवं ढोलाशिवाय हाय."

"मगे पहिल्या कडव्याक फिरवूचो नाय."

बायका पुन्हा हसल्या. मी लिहून घेतलं: आवाज करतो.

दोन्ही दिवे स्टेजच्या पुढच्या पाइपावर शेजारी शेजारी टांगले. स्टेजचं तोंड पाण्याकडे होतं आणि प्रेक्षक मधल्या वाळूत बसायचे. स्टेजच्या मागे, डाव्या हाताला मंडळाचा खांब. त्यावर पाऱ्याचा मोठा दिवा आणि दिव्याखाली पांढऱ्या रंगाचा पत्र्याचा फलक. बंदरातून येणाऱ्याला वाचता यावं म्हणून फलकाचं तोंडही पाण्याकडे, लाल अक्षरांत मंडळाचं नाव. हा दिवा अंधार पडायच्या आधी लागायचा आणि उजाडल्यावर जायचा. त्याचा स्विच स्टेजच्या विजेच्या पेटीतच होता.

अंधार पडला. भावजय आणि तिच्या बायका पदर खोचून स्टेजवर उभ्या राहिल्या. घाटकोपरवाल्याने टेपरेकॉर्डर लावला. दिव्याने मान उचलली, पण खांबाच्या उजेडात झोत फिकट दिसत होता.

"बेन, हा खांब बंद करा ना," तो म्हणाला. "नवरी दाखवायला आणायची आणि पदर काढायचा नाही, असं कसं चालेल?"

"बरोबर हाय," पाटील म्हणाले. "घालव रं तो."

वायरमनने पेटीत हात घातला. खांबाचा दिवा गेला. मैदान काळं झालं आणि गावाने हूं म्हणून श्वास घेतला. कोणाच्याच मनात काही आलं नाही. सिनेमाला बसल्यावर दिवे जातात, तसंच ते वाटलं.

मग घाटकोपरचा दिवा खरा दिसला. झोत बायकांच्या पायांवरून वर चढला, बांगड्यांवर थांबल्यासारखा झाला, सर्रकन बाजूला गेला, गाण्याच्या ठोक्यावर परत आला. भावजयीच्या हातातलं लाकडी वल्हं चमकून उठलं. मी आजवर तिला दारात, चुलीपाशी, बाजारात बघत आले होते. तशी ती कधी दिसली नव्हती. लोक शिट्ट्या वाजवू लागले. शिट्टी वाजली की दिवा शिट्टीकडे वळायचा आणि लोक आणखी हसायचे.

"हाच," पाटील माझ्या कानाशी म्हणाले.

"दुसरा बघायचाय," मी म्हटलं.

"बघ तू. मी हाच म्हनतो."

मुलुंडचा दिवा लागला. पिवळसर झोत, कडा जरा फाटलेली. मुलुंडवाला पेटी मांडीवर घेऊन वाळूत बसला आणि दांडे ढकलू लागला. झोत एका बाईवरून दुसऱ्या बाईवर जायचा तो हिसक्यानेच. करकर, थांब, करकर, थांब. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हातारीची मान धरलीय रं!" लोकांची करमणूक झाली ती अशी. मुलुंडवाला मान खाली घालून दांडे ढकलत राहिला.

आणि मधेच भावजय नाचायची थांबली.

ती स्टेजच्या कडेला आली, हाताने डोळ्यांवर आड धरलं आणि पाण्याकडे बघत राहिली. टेपरेकॉर्डर वाजतच होता. तिने पायानेच त्याचं बटण दाबलं. मुलुंडवाल्यानेही दिवा विझवला. मग आम्हालाही ऐकू आलं. लांबून, खाडीच्या तोंडाकडून, टक टक टक, मधेच एक खोकला, पुन्हा टक टक. गावात कोणालाही सांगायला नको होतं ते इंजिन कोणाचं.

"आयली," मी म्हटलं. मला हायसं वाटलं होतं.

ती मागे वळली. खांबाकडे बघितलं.

"खांबाचा दिवा कुनी घालवला?"

वायरमनने पाटलांकडे बघितलं.

"वन्सं, कुनी घालवला दिवा?"

"चाचणीसाठी. आता लावतो की."

"तो बघूनच ते आत येतात!" तिचा आवाज फाटला. "देवलाचा दिवा वर, खांबाचा खाली, एकावर एक ठेवून सरल आत यायचं. सरकला की खडक. मना त्यांनीच सांगितलंय!"

मी मागे टेकडीवर बघितलं. देवळाचा दिवा नेहमीसारखा जळत होता. एकटाच. त्याच्याखाली काळोख.

पाटील उठून उभे राहिले होते. त्यांनी समुद्र सोडून बरीच वर्षं झाली होती. "आमच्या वेलेला ताड होते," ते म्हणाले, कोणाला उद्देशून नाही. "दोन ताड. खालचा इथंच होता." मैदान सपाट करताना तो ताड मंडळानेच पाडला होता. त्याच्या जागी खांब उभा केला हे गावाला माहीत होतं. त्याचं कामही खांबाकडे आलं, हे फक्त बोटीवरच्या माणसांना माहीत होतं.

"लाव दिवा," मी वायरमनला म्हटलं.

त्याने आधीच स्विच दाबला होता. पुन्हा दाबला. वर काहीच नाही.

"पाऱ्याचा हाय," तो म्हणाला. "अजून तापलेलाच हाय. निवल्याबिगर पेटत नाय."

"किती वेळ?"

"चहा होईल एवढा."

"चहा?" पाटील त्याच्या अंगावर ओरडले. "तुज्या आयला, चहा?"

इंजिनाचा आवाज जवळ येत होता. अर्धा चंद्र होता, पण धुरकट. पाण्यावर नुसती राख पसरल्यासारखी दिसत होती आणि तिच्यात बोट कुठे आहे ते काही केल्या दिसेना. भरती संपत आली होती. काठाजवळ बांधलेल्या होड्यांची तोंडं वळायला लागलेली मी पाहिली. ओहोटी लागली की त्या तशा वळतात.

"शेठ," पाटलांनी घाटकोपरवाल्याचा दंड धरला, "तुझा दिवा लाव. पान्यावर मार. मोठा हाय तो, मार पान्यावर!"

त्याने लावला. आणि लोक ओरडू लागले. निम्मं गाव एका वेळी काठाकडे धावत सुटलं, नाखवाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, नावाने हाका मारत, हात हलवत. दिव्याला कान होते. त्याने डावीकडून हाक ऐकली, डावीकडे वळला. उजवीकडून ऐकली, उजवीकडे. झोत पाण्यावरून सुटला, बांधलेल्या होड्यांच्या डोलकाठ्यांवरून, पलीकडच्या खारफुटीवरून, आभाळात, परत पाण्यावर. एका क्षणी आमची बोट दिसली. निळं पुढचं टोक, तिथे उभा एक खलाशी, त्याने हात डोळ्यांवर घेतलेला. पुढच्या क्षणी झोत भलतीकडे.

"गप बसा!" घाटकोपरवाला ओरडला आणि दिवा त्याच्याकडे वळला.

"अरे गप!" "गप रं सगले!" जो तो दुसऱ्याला गप करत होता आणि दिवा प्रत्येकाचं ऐकत होता.

इंजिनाचा आवाज बदलला. टक टक मंदावलं. भावाने वेग कमी केला होता. किनाऱ्यावर असा नाचणारा दिवा त्याने कधी पाहिला नसणार. पण वेग कमी केला की बोट सुकाणूचं ऐकत नाही, पाणी नेईल तिकडे जाते, आणि ओहोटी त्या ठिकाणी खडकाकडेच ओढते. एवढं बाजारातल्या बाईलाही कळत होतं.

"बंद करा तो!" भावजय स्टेजवरून किंचाळली. "त्यांचं डोलं दिपतील, बंद करा!"

घाटकोपरवाल्याने धावत जाऊन वायर उपटली. झोत गेला. सगळीकडे पुन्हा काळं. कोणी आता ओरडत नव्हतं. ती शांतता जास्त वाईट होती, कारण तिच्यात इंजिन ऐकू येत होतं, मंद, एकाच जागी.

भावजयीने स्टेजवरून खाली उडी मारली. ती मुलुंडवाल्यासमोर उभी राहिली. तो अजून पेटी मांडीवर घेऊन बसलेलाच होता. त्याच्या हातातलं काम कोणी काढून घेतलं नव्हतं म्हणून.

"तुझा लाव. खांबावर मार. पत्र्यावर."

"खांबार?" त्याला कळेना. "दर्यार नको?"

"दर्यावर नको. खांब दिसू दे त्यांना. पत्रा पांढरा हाय. मार!"

त्याने दिवा लावला आणि दांडा ढकलला. दिव्याने करकरत मान मागे वळवायला सुरुवात केली. स्टेज ओलांडलं, मागचा बांबू ओलांडला. आणि खांबाच्या अलीकडे, हातभर राहिलं असताना, अडकला. चेन संपली होती. त्याने पुन्हा ढकलला, मोटर गुरगुरली, झोत हलला नाही.

"यापुढं जाणा नाय," तो म्हणाला. तो रडकुंडीला आला होता.

"दांडा सोड," मी म्हटलं. "तो तिथेच राहील ना?"

"ऱ्हवात. सोडलो की थयच ऱ्हवता."

मी आणि वायरमन स्टेजवर चढलो. पाइप दोन्ही टोकांना सुंभाने बांधलेला होता. त्याने त्याच्या बाजूची गाठ सैल केली, मी माझ्या. मग आम्ही सगळा पाइपच वळवला, दिव्यासकट, बोटाबोटाने. तेलाचा डबा माझ्या कपाळाजवळ होता. त्याची धग अजून आठवते. झोत सरकला, खांबाच्या दांड्यावर आला, आणि वर फलकावर बसला. पांढरा पत्रा लख्ख झाला. मंडळाचं नाव काळोखात टांगल्यासारखं दिसू लागलं.

"हलू नका," भावजय खालून म्हणाली. "वन्सं, हलायचं नाय."

आम्ही पाइप धरून उभे राहिलो. मला पाण्याकडे पाठ करून उभं राहावं लागलं होतं, त्यामुळे मला समोर फक्त फलक आणि त्याच्यावर देवळाचा दिवा दिसत होता. बाकी सगळं मी कानांनी बघत होते. इंजिन तसंच मंद. मग एक खोकला आणि काहीच नाही. बंद पडलं. खाली कोणीतरी देवीचं नाव घेतलं. भावजयीचा आवाज आला नाही. नंतर मुलुंडवाल्याने मला सांगितलं की ती त्याच्या पेटीवर दोन्ही हात दाबून बसली होती, कोणी दांड्याला शिवू नये म्हणून.

मग पुन्हा टक. टक टक. वेग वाढला. आता ते सरळ येत होतं.

आणि त्यात एक आवाज झाला, लाकडाने दगडाला घासल्याचा, लांब, दाताखाली वाळू यावी तसा. काठावरच्या सगळ्या बायका एकदम "आय गो" म्हणाल्या. माझे हात पाइपावर आवळले. घासणं थांबलं. टक टक थांबलं नाही.

वर, फलकाच्या वर, पाऱ्याच्या दिव्यात एक जांभळा ठिपका दिसला. तो पसरला, निळा झाला. दिवा पुरता पांढरा होईपर्यंत वायरमनने मला पाइप सोडू दिला नाही.

भाऊ कमरेपर्यंत भिजून पाण्यातून आला. मागे खलाशी, सगळे. मी मोजले. पुन्हा एकदा मोजले.

"कोन रं तो, दर्यावर दिवा नाचवनारा?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं. हातात सुकाणूची काठी होती, ती उपसून आणली होती की चुकून राहिली होती देव जाणे. घाटकोपरवाला पाटलांच्या मागे सरकला. त्याचे पांढरे बूट चिखलात गेले होते.

कोणी उत्तर द्यायच्या आत भावजय त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "उशीर कंला केलास?"

"इंजिनाला विचार."

"इंजिनाला नाय, तुना विचारते."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खांबाकडे. "मंडलाचं नाव एवढं मोठं मी कवा वाचलं नव्हतं," तो म्हणाला. "वाचत वाचत आलो." ती हसली नाही. तिने त्याच्या हातातली काठी घेतली आणि घरी चालायला लागली. तो मागून.

बोटीची तळाची एक फळी फुटली होती. माणसांना काही झालं नाही. बोट मात्र वर ओढून घ्यावी लागली, आणि होळीला सगळ्या बोटी पताका लावून पाण्यात होत्या तेव्हा आमची वाळूवर आडवी पडून डांबर खात होती. भावाला ते लागलं. त्या दिवशी तो तिच्याजवळ बसून राहिला, नाच बघायलाही उशिरा आला.

दिवा ठरवायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, पाटील आणि भावजय फुटक्या फळीशेजारी बसून बोललो. माझ्या प्रश्नांत घाटकोपरचा दिवा जवळजवळ सगळीकडे सरस होता. वजन कमी. आवाज नाही. चालवायला माणूस नको. ते मी वाचून दाखवलं, कारण ते खरं होतं.

"मना तोच पाहिजे होता," भावजय म्हणाली. "अजून पन पाहिजे. मी त्यात कशी दिसत होते ते मना ठाऊक हाय. पन घेऊ नका."

"खांब चालू ठेवून तोच लावू," पाटील म्हणाले.

हे घाटकोपरवाल्याला विचारलं. तो भला माणूस होता, त्याने खोटं सांगितलं नाही. खांबाच्या उजेडात त्याच्या दिव्याची शोभा राहणार नाही, आणि लोक म्हणतील दिवा वाईट, म्हणून तो देणार नव्हता. "आणि बेन," तो म्हणाला, "होळीला तर हजार माणसं ओरडणार. माझा दिवा कुठे कुठे बघेल, मी सांगू शकत नाही."

मुलुंडचा घेतला. एकच अट मी घातली, आपोआप फिरणारी मोटर बसवायची नाही. तो नाराज झाला. त्याच्या मते तेच तर राहिलं होतं.

होळीला खांबाचा दिवा चालूच होता. त्या उजेडात मुलुंडच्या दिव्याचा झोत बायकांच्या अंगावर हळद लावल्यासारखा दिसला, त्यापलीकडे काही नाही. पहिल्या कडव्याला त्याने कबूल केल्याप्रमाणे दिवा हलवला नाही. खारदांड्याच्या बहिणी पुढच्या रांगेत होत्या. "मुंडीवाला आनलात म्हने," एकीने विचारलं. "कुठं हाय गो?" भावजयीने वल्ह्याने वर दाखवलं आणि नाचत राहिली.

त्याच आठवड्यात मी मंडळाच्या कामांत सगळ्यात वर लिहिलं: खांबाच्या दिव्याचा स्विच स्टेजच्या पेटीतून काढून वेगळ्या पेटीत घ्यायचा, पेटीला कुलूप, किल्ली बोटवाल्या घरात. पाटलांनी होकार दिला. वायरमन म्हणाला, त्यासाठी सगळी वायरिंग उकलावी लागेल, होळीनंतर करू. होळीनंतर पावसाची तयारी आली. पावसानंतर नारळी पौर्णिमा. पाटील गेले, दुसरे अध्यक्ष आले. मैदानावर त्यानंतर किती तरी दिवे आले, चांगले, वाईट, धूर सोडणारे. भाऊ अजून बोट नेतो, इंजिन तिसरं आहे, आणि खांब तोच आहे. दर वर्षी दिव्यांच्या चाचणीला मी विजेच्या पेटीला पाठ लावून उभी राहते आणि कोणी "खांब घालवा" म्हटलं की नाही म्हणते. नव्या मुलांना वाटतं बाई हट्टी आहे.

स्विच अजून त्याच पेटीत आहे. या वर्षीच्या कामांतही तो पहिला लिहिला आहे, आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची राहिली आहे.